जुना फोन घेतला, पण सुरूच होईना? आधी हे बघा

इंदूर (राजेंद्र नगर) : सेटअपमध्ये फोन ‘ॲक्टिव्हेट’ व्हायला नकार देत असेल, तर आधी दुसरं वाय-फाय लावून बघा. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येणारच नाही.

खरी पंचाईत सेकंडहँड फोनची. इथून जेल रोडला जाऊन असे फोन घेणारे पुष्कळ. आधीच्या मालकाने आपलं खातं न काढताच फोन रिसेट झाला असेल, तर तो त्याचाच पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून हे कुलूप आयफोनला 2013 पासून, अँड्रॉइडला 2015 पासून आहे. ‘खोलून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, मूळ मालकालाच गाठा. आयफोनवाला घरबसल्या आयक्लाउडवरून फोन काढून टाकू शकतो; अँड्रॉइडवाल्याकडून मात्र फोनवरच पासवर्ड टाकून घ्यावा लागतो.

पैसे मोजण्याआधी *#06# डायल करा. दिसलेला 15 आकडी आयएमईआय, त्याआधी इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, 14422 वर एसएमएस करा. काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन तिथेच ठेवा. ही केंद्राची यादी 2023 पासून देशभर लागू आहे. इंदुरात ब्लॉक झालेला फोन जळगावात नेला तरी चालत नाही.