रंग बघायचा खिडकीशी

"पेशंटचा रंग बघायचा तो खिडकीशी, ट्यूबखाली नाही." आमच्या सिस्टर ट्यूटरबाईंचं हे पहिलं वाक्य. साल 1979, मी नर्सिंगला नुकतीच लागले होते. ओठ आतून उलटून बघायचे, जीभ बाहेर काढायला लावायची, नख दाबून सोडायचं. ट्यूबच्या उजेडात सगळेच मेल्यासारखे दिसतात, हे बाईंचं दुसरं वाक्य.

पुस्तकात लिहिलेलं असायचं की रक्तात ऑक्सिजन कमी पडला की माणूस निळा पडतो. मी 36 वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त आयसीयूत काढली. पण एकाही नातेवाइकाच्या तोंडून 'निळा' ऐकलं नाही. ते धावत यायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, ओठ काळे पडायला लागलेत हो." पुस्तकं लिहिणारे गोरे आणि त्यांचे पेशंटही गोरे, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

खरं तर गोऱ्या कातडीवरही हा रंग दगा देतो, आणि ते फार आधीच कळलं होतं. ख्रिस्तेन लुंड्सगार्ड या डॅनिश डॉक्टरनं 1919 च्या सुमारास हिशेब मांडला. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन 100 मिलिलिटर रक्तात साधारण 5 ग्रॅम झालं, तरच निळेपणा डोळ्यांना दिसतो. आता ज्या बाईचं हिमोग्लोबिनच 6 आहे, तिनं निळं पडायचं कधी? आमच्या वॉर्डात अशा बाया रांगेनं असायच्या. त्या निळ्या नाही, काळ्याही नाही, नुसत्या पांढऱ्याफटक पडत. पुढे 1947 मध्ये अमेरिकेत कोम्रो आणि बोटेल्हो यांनी 127 जणांना निरोगी माणसांसमोर बसवलं, त्या माणसांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि विचारलं, निळेपणा दिसतोय का? बहुतेकांना रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे सॅच्युरेशन, 80 टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत खात्रीनं सांगता येईना. आज आम्ही 90 च्या खाली गेलं की पळापळ करतो.

रंगानं सगळ्यात मोठी फसवणूक केली ती कोपनहेगनमध्ये. 1952 च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची साथ आली. ब्लेगडम हॉस्पिटलात श्वास बंद पडलेली मुलं येऊ लागली आणि पहिल्या 31 जणांपैकी 27 गेली. रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, म्हणून डॉक्टरांना वाटलं की रक्त अल्कलीकडे झुकलंय. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं उलटं सांगितलं: मुलांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतोय. बाहेरून ऑक्सिजन दिल्यामुळे काही मुलांचा रंग ठीक दिसायचा आणि आतल्या आत ती गुदमरत असायची. ऑगस्टच्या अखेरीस त्यानं 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून घेतलं, नळी घातली आणि रबरी फुगा हातानं दाबून श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र फुगे दाबत बसले. सगळे मिळून सुमारे 1500. आयसीयूची सुरुवात बरेच जण इथून धरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच साथीत प्रयोगशाळेतला पॉल आस्ट्रुप रक्ताचा पीएच मोजून कार्बन डायऑक्साइडचा हिशेब काढायला लागला. डोळ्यावरचा भरवसा तिथे पहिल्यांदा सुटला.

ऑक्सिजनसाठी लेलँड क्लार्क यांनी 1954 मध्ये प्लॅटिनमच्या टोकावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणून इलेक्ट्रोड बनवला, आणि थोड्याच वर्षांत जॉन सेव्हरिंगहाउस यांनी पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन, तिन्ही मोजणारं एक यंत्र जोडलं. आमच्या 'एबीजी'चे, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीचे, हे आजोबा. आमच्याकडे मात्र एबीजी म्हणजे वरातच असायची. मनगटाची नाडी चाचपायची, सुई उभी घालायची, रक्त आपलं आपण सिरिंजमध्ये चढायला लागलं की धमनी सापडली. हवेचा बुडबुडा काढायचा, सिरिंज बर्फाच्या थर्मासात ठेवायची आणि वॉर्डबॉयला सायकलवर पिटाळायचं, कारण मशीन गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट तिसरीकडेच पोचलेला असायचा. शिवाय दर वेळी सुई. न्यूमोनियाचा एखादा म्हातारा चार दिवसांत दोन्ही मनगटं लपवायला शिकायचा.

सुईशिवाय मोजायची खटपट जुनीच आहे. ग्लेन मिलिकन यांनी 1940 च्या दशकात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी कानाच्या पाळीला लावायचं यंत्र केलं. 'ऑक्सिमीटर' हा शब्द त्यांचाच. पण कातडी, हाड, शिरेतलं रक्त, सगळंच उजेड अडवतं. त्यातून धमनीतलं रक्त निराळं काढायचं कसं, हे कोडं तीस वर्षं सुटलं नाही.

ते सोडवलं टोकियोच्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांनी, आणि तेही दुसरंच काही शोधताना. हृदय किती रक्त फेकतं हे त्यांना मोजायचं होतं. शिरेत रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून उजेड पाठवून तो कसा विरतो ते बघायचं. पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख थरथरायचा. ही थरथर घालवायला त्यांनी दोन तरंगलांबींचे उजेड वापरून एकातून दुसरा वजा केला. रक्तातला ऑक्सिजन बदलला की ही वजाबाकी जमेना. मग त्यांच्या लक्षात आलं की हा अडथळाच कामाचा आहे. ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त. बाकी सगळं जागच्या जागी. जे हलतं तेवढंच मोजा, बाकी आपोआप गळून पडेल. हे 1974 सालचं. गाळून टाकायच्या चोथ्यातच हवं ते सापडलं! पुढे कॅमेरे बनवणाऱ्या मिनोल्टानं हे यंत्र बोटावर आणलं, आणि 1983 मध्ये अमेरिकेच्या नेलकॉरनं त्याला आवाज दिला. ऑक्सिजन उतरला की टुंग-टुंगचा सूरही उतरतो. आओयागी एप्रिल 2020 मध्ये गेले, जगभर त्यांचा हा बोटाला लावायचा चिमटा हुडकला जात असताना.

हा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, आमच्याकडे पहिल्यांदा आला तो ऑपरेशन थिएटरच्या कपाटात कुलपात. आयसीयूत हवा असला तर वहीत सही करून आणायचा आणि सकाळी परत करायचा. तरीही पहिल्या रात्रीचं मला आठवतं. पाठ फिरवून औषधं काढत होते, आणि सूर खाली घसरलेला कानांना कळला. वळले तर पेशंटचा रंग जसाच्या तसा. सक्शन घेतलं, कफाचा बोळा निघाला, सूर वर चढला. त्या दिवसापासून मी खिडकी सोडली.

आणि इथेच चुकले. आओयागींच्या हिशेबानं कातडीचा रंग वजा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो पुरता होत नाही. शिवाय पडद्यावरचा आकडा नुसत्या सूत्रातून येत नाही. निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीच्या रक्ताशी ताडून केलेल्या तक्त्यातून तो येतो. माणसं कुठली घेतली, याला म्हणून महत्त्व. अमेरिकेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनेत किमान 10 माणसं सांगितली होती, त्यांतली 2 गडद वर्णाची असली की चालायचं. काळ्या पेशंटमध्ये आकडा फसवतो, हे जुब्रान आणि टोबिन यांनी आयसीयूत 1990 मध्येच दाखवलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. चिमटा 92 ते 96 दाखवत असताना धमनीत प्रत्यक्ष 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत 3.6 टक्के, तर काळ्यांत 11.7 टक्के निघालं.

त्याच वर्षी आपल्याकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई चिमटे घेऊन दारोदार फिरत होत्या. त्यांनी कितीतरी माणसं वेळेत धरली. ऑक्सिजन सत्तरच्या घरात आणि माणूस मोबाइल बघत बसलेला, असे पेशंट नुसत्या डोळ्यांना कधीच सापडले नसते. मी तोवर निवृत्त झाले होते, पण एका कोविड सेंटरवर मदतीला जात होते. तिथे उन्हात रापलेले एक शेतकरी आजोबा होते. चिमटा 93 म्हणत होता, पण आजोबा दर तीन शब्दांनी थांबत होते. ड्यूटीवरचा पोरगा डॉक्टर म्हणाला, "मावशी, सॅच्युरेशन चांगलं आहे." मी म्हटलं, "एबीजी घे बाळा." 86 आलं. मी त्यांचा पलंग खिडकीशी घ्यायला सांगितला. ओठ काळेच होते.

चिमटा घरात असेल तर तो जरूर ठेवा. लावायच्या आधी नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळून गरम करा, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. आणि आकडा कितीही चांगला दिसला, तरी माणसाला एका दमात एक वाक्य पुरं करता येत नसेल, तर मशीन खिशात घाला आणि गाडी काढा.