यकृतात गाठी आहेत, पण कशाच्या?

स्वादुपिंडात गाठ आणि यकृतात डाग दिसले, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘आता सुई कशाला टोचायची? टोचली तर आणखी पसरेल. आणि कळून तरी काय होणार?’ हे मत नवी मुंबईतल्या खारघर-वाशीतही ऐकू येतं, गावाकडेही.

त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, मात्र अगदी विरळ. काढता येण्याजोगी, स्कॅनवर ठरावीक दिसणारी गाठ सर्जन बायोप्सीविनाही काढतात, ते योग्यच. पण आजार यकृतात पोचल्यावर ‘सुईने पसरेल’ या भीतीत काय उरतं? तेव्हा प्रश्न एकच, पेशी कोणती?

स्वादुपिंडाच्या शंभर गाठींत मोजक्याच न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, असतात. स्टीव्ह जॉब्स यांची तशीच होती: निदान २००३, यकृत-प्रत्यारोपण २००९, मृत्यू २०११. नेहमीचा ॲडेनोकार्सिनोमा यकृतात पोचल्यावर रुग्ण बहुधा वर्षही काढत नाही. संथ न्यूरोएंडोक्राइन गाठी घेऊन अनेकजण वर्षानुवर्षं जगतात. स्टेज दोघांचीही चौथीच. फरक कळतो तो पॅथॉलॉजिस्टच्या काचेवर, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिनच्या रंगांत, आणि पेशी किती वेगाने वाढतात हे सांगणाऱ्या की-६७ या आकड्यात. तो ३ टक्क्यांखाली असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० असेल तर दुसरी, त्यावर तिसरी. तिसरीतही पेशींची घडण शाबूत आहे की विस्कटलेली, यावर औषध बदलतं.

स्कॅन आणि रक्त पुरे, असंही म्हणतात. पण नेहमीच्या एफडीजी पेट स्कॅनवर संथ गाठ फिकी पडू शकते. तिच्यासाठी गॅलियम-६८ डोटाटेट स्कॅन लागतो. रक्तातलं क्रोमोग्रॅनिन तर ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलनेही वाढतं!

‘कळून काय होणार’ हा आक्षेप तर नवी मुंबईत तरी टिकू नये. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ तयार होतं, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याने या गाठींवर उपचार होतात. डोटाटेट स्कॅनवर गाठी उजळल्या, तरच हे औषध त्यांना चिकटतं. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आहेत, निवडक रुग्णांत यकृताची शस्त्रक्रियाही.

रिपोर्टवर नुसतं ‘मेटास्टॅटिक कार्सिनोमा’ आलं, तर न्यूरोएंडोक्राइनची तपासणी झाली का, की-६७ किती, हे विचाराच. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो, तो पॅराफिन ब्लॉक सांभाळून ठेवा. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासले जातात.