खुराड्याची जाळी आणि उपग्रह

आमच्या धंद्यात सर्व्हरवरून निरोप गेला, पोचल्याची नोंद झाली, की काम संपलं. म्हणूनच मला 'साइट' प्रयोगाचं भारी कौतुक वाटतं.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत रोज चार तास टीव्ही दिसायचा. शेती, आरोग्य, शाळेचे धडे. अँटेना कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची!

पण इस्रोवाले तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांना कळलं किती, वागणं बदललं का, हे तपासायला समाजशास्त्रज्ञ नेमले. काही संशोधक तर खेड्यातच मुक्कामाला राहिले. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला, उपग्रह परत गेला. अभ्यास मात्र उरला.

सोमवारी ऑफिसात गेलो, की आधी एका वापरणाऱ्याला फोन करणार आहे.