धागा तुटला की माग थांबला पाहिजे

मंडळी, आज थोडं लांबलचक लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात मागापासून करतो, कारण सोलापूरकराला तेच लवकर कळतं.

ताण्यातला एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर काय होतं हे पूर्व भागातल्या कुणालाही विचारा. चादरीत फट पडते, ती पुढे पुढे सरकत जाते आणि लक्षात येईपर्यंत कित्येक वार कापड वाया गेलेलं असतं. साध्या यंत्रमागावर ताण्याची राखण बहुतेक कामगाराच्या डोळ्यांवर असते. स्वयंचलित मागावर प्रत्येक धाग्यावर पातळ धातूची पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली असा माग पूर्णत्वाला नेला. कांडी संपली की धावत्या मागातच धोटा बदलायचा, धागा तुटला की थांबायचं. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे टोयोटाच्या मोटारी आल्या त्या याच घराण्यातून, आणि 'दोष दिसला की काम तिथंच थांबवा' ही त्यांच्या कारखान्यातली शिस्तही या मागातूनच आली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे शहाणपण यायला बराच उशीर लागला. (आपल्या चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डच्या भोकाच्या पुठ्ठ्यांवरून उठते, ते पुठ्ठे कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र फार आधी उचलले होते!) हजारो फायलींत लिहिलेला मजकूर एकत्र करून त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे बिल्ड. एकाच्या घरी तो बनतो, दुसऱ्याच्या मशीनवर बनत नाही. ओपन सोर्समध्ये तर लिहिणारे जगभर पसरलेले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. मग धागा कुणाच्या हातून तुटला हे कळणार कसं?

३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सगळ्यांना खुला केला, तेव्हा मोझिलाच्या लोकांनी 'टिंडरबॉक्स' वापरात आणलं. काही मशीन दिवसरात्र ताजा कोड घेऊन बिल्ड करत बसायची आणि निकाल एका तक्त्यावर लावायची. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे मोडलं. लाल झालं की नवीन कोड घालणं बंद, आधी मोडलेलं दुरुस्त करा. म्हणजे धाग्यावरची पट्टीच की. २००४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोसुके कावागुचींनी 'हडसन' लिहिलं. कारण त्यांच्याच बदलांनी बिल्ड मोडायचं आणि सहकारी वैतागायचे. ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये त्याचं 'जेनकिन्स' झालं. आज पुण्यातल्या आयटीवाल्या पोरांना हे नाव पाठ असतं.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसचं 'बिल्डफार्म'. २००४ मध्ये अँड्र्यू डन्स्टन यांनी ते सुरू केलं. एका कंपनीची मोठी मशीन खोली नाही, तर स्वयंसेवकांनी आपापल्या घरात, ऑफिसात, कॉलेजात ठेवलेले कॉम्प्युटर. कुणाचा जुना, कुणाचा नवा, कुणाचा भलत्याच जातीचा. ठरावीक वेळाने एक छोटा पर्ल प्रोग्रॅम जागा होतो, कोड बदललाय का बघतो, बदलला असेल तर बिल्ड करतो, परीक्षा घेतो आणि निकाल मध्यवर्ती तक्त्यावर पाठवतो. प्रत्येक मशीनला प्राण्याचं नाव. त्यातल्या एकाचं नाव लॅपविंग, म्हणजे आपली टिटवी. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, ते इथं शोभतं.

आता हे मशीन लावून ठेवलं की झालं का? तर नाही. २९ मार्च २०२४ ला ते जगाला कळलं. 'एक्सझेड' नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. दोनेक वर्षं विश्वास कमावून एका टोपणनावाच्या माणसाने त्यात चोरदरवाजा बसवला. कुठं लपवला, तर परीक्षेसाठी ठेवलेल्या नमुना फायलींमध्ये! तो उघडणारी कळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, आणि लिनक्सचं पॅकेज तयार करणाऱ्या मशीनवर पोहोचल्यावरच जागी व्हायची. म्हणजे चोर थेट राखणदाराच्या चौकीतूनच आत शिरला.

पकडला कुणी? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. आणि त्यांना आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत एक विचित्र तक्रार दिसली होती. मशीनने आपलं काम केलं होतं, पट्टी पडली होती. पण ती कुणीतरी पाहावी लागते, आणि पाहणारा माणूस चिकट लागतो.

दुसरी अडचण पैशाची. २०११ मध्ये बर्लिनच्या ट्रॅव्हिस सीआयने ओपन सोर्सला ही सोय फुकट दिली आणि अख्खं जग तिच्यावर विसंबलं. नोव्हेंबर २०२० मध्ये फुकटच्या वापराला कात्री लागली. फुकटच्या मशीनवर क्रिप्टोचं मायनिंग करणारे शिरले होते, हेही त्याचं एक कारण. जून २०२१ मध्ये ओपन सोर्सची ती जुनी साइट बंद झाली. दुसऱ्याच्या गिरणीवर पोट असलं की काय होतं, हे चिमण्या थंड झालेल्या सोलापूरला मी काय सांगू?

म्हणून मुद्द्यावर येतो. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे. आपण वापरतो भरपूर. राखणीला आपली किती मशीन आहेत? आणि आपली गरज वेगळीही आहे. शाळेत आपण ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर शिकलो. युनिकोडच्या क्रमात ळ आहे ल च्या शेजारी. यादी कोणत्या क्रमाने लागेल, हे डेटाबेस बऱ्याचदा खालच्या लिनक्सच्या नियमांवर सोडतो. २०१८ मध्ये तिथले नियम बदलले, तेव्हा अपग्रेड केलेल्या मशीनवर पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका बिघडण्याचा धोका उभा राहिला. मतदार यादी, गुणवत्ता यादी, सातबाऱ्यावरची नावं, यांचा शोध चुकला तर त्रास आपल्यालाच.

बिल्डफार्मच्या मशीनला कोणत्या भाषेच्या नियमांवर परीक्षा घ्यायची हे सांगता येतं. त्यात मराठीही बसते. आपल्या एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजच्या लॅबमधला अडगळीतला कॉम्प्युटर, लिनक्स, बरं इंटरनेट आणि लाइट गेल्यावर पुन्हा सुरू करणारं कुणीतरी, एवढ्यावर हे काम होतं. तक्ता रोज बघायला दोन विद्यार्थी नेमा, दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवा. प्रोजेक्टच्या नावाखाली त्याच त्या अटेंडन्स सिस्टिम लिहिण्यापेक्षा बरं.

कुणा प्राध्यापकांना रस असेल तर कमेंटमध्ये लिहा. प्राण्याचं नाव तेच लोक ठरवून देतात, पण विचारायला काय हरकत आहे, नान्नजचा माळढोक मिळतोय का ते.