आजोबांची सही, माझा ईएमआय

हा एपिसोड बदलापूरच्या घरी पंखा बंद करून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. आज ज्या घराबद्दल बोलायचंय, ते हेच घर.

माझे आजोबा अंबरनाथच्या आयुध निर्माणीत कामाला होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी बदलापुरात छोटा प्लॉट घेतला, घर बांधलं. 2013 मध्ये ते गेले. आजी आधीच गेली होती, त्यामुळे वारस दोघे: बाबा आणि आत्या. 2019 मध्ये वरचा मजला चढवायला बाबांनी आणि मी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, आत्यानेही सह्या केल्या. व्याजदर तगडा होता. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की बॅलन्स ट्रान्सफर करू. म्हणजे तेच कर्ज कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं. महिन्याला साडेतीन हजार वाचणार होते.

बँकेच्या वकिलांनी सर्च रिपोर्ट काढला आणि फाईल परत आली. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात एक ओळ होती: एका पतसंस्थेचा बोजा, रुपये 1,12,000. आधीच्या कंपनीने जुनाच उतारा फाईलला लावला होता, म्हणून ती कुणाला दिसली नव्हती.

झालं असं होतं की 2007 मध्ये आजोबा कारखान्यातल्या एका मित्राला जामीन राहिले. मित्राचे हप्ते थकले. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवला. या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. आजोबांनी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाबांनी पतसंस्थेत फोन केला तर तिकडून उत्तर आलं, “काका, व्याज धरून दोन लाख अडुसष्ट हजार होतात. मुलगा आयटीत आहे ना? त्याच्या पगारातून कापून घेऊ की.”

त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबांची एक सही माझ्या पगारापर्यंत पोचू शकते? उत्तर शोधायला बसलो आणि थेट दीडशे वर्षं मागे गेलो.

आपल्याकडे जुना धर्मशास्त्राचा नियम असा होता: बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं, आजोबांचं कर्ज नातवाने फक्त मुद्दल. जामीनकीत तर आणखी सूट, बाप जामीन असेल तर मुलगा बांधील, पण आजोबांच्या जामीनकीला नातू बांधील नाही. मात्र मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनी हा नियम कडक करून ठेवला होता. बापाने मागे दमडी ठेवली नसली, तरी मुलगा कर्जाला जबाबदार. 1866 मध्ये कायदा आला, हिंदू वारसांना दिलासा देणारा, मुंबईचा 1866 चा कायदा क्रमांक 7. त्याने रेघ ओढली: वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. सावकार वारशात आलेल्या मालमत्तेवर जाऊ शकतो, वारसाच्या स्वतःच्या कमाईवर नाही.

पण कायदा कागदावर आला म्हणून गावात पोचला असं नाही. डिसेंबर 1874. शिरूर तालुक्यातलं करडे गाव. तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जासाठी हुकूमनामा मिळवला आणि घरावर जप्ती आणली. घर पाडायला सुरुवात झाली, तसं गाव बिथरलं. लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी भरणार नाही, दाढी करणार नाही, त्याच्या दुकानातून काही घेणार नाही. ही लाट गावोगाव गेली. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हे: लोकांनी प्रामुख्याने माणसं मारली नाहीत. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, हुकूमनामे, खातेवह्या. ते हिसकावून चौकात जाळले. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी डेटाबेसच उडवायला घेतला होता. आपण कशामुळे बुडतोय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या रोख्यावर तीनच वर्षांत दावा लावावा लागे, म्हणून सावकार तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत. शेतकऱ्याला वाचता येत नसे. कोर्टात तो हजरही होत नसे. निकाल एकतर्फी लागे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यात तीन मोठ्या गोष्टी होत्या. एक, नुसत्या पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्याला अटक नाही. दोन, जमीन खास गहाण लिहून दिली नसेल तर हुकूमनाम्यात ती जप्त करता येणार नाही. तीन, न्यायाधीशाने शेवटचा रोखा बघून थांबायचं नाही, पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायचा.

आता आमच्या शेजारच्या स्टेशनांवर येऊ. विठ्ठलवाडीला चढणारा माझा एक मित्र आहे, त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी त्या वसाहतीची पायाभरणी केली, तेच उल्हासनगर. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच सांगतात. या लोकांची घरं-दुकानं तिकडे राहिली, पण जुनी कर्जं माणसाबरोबर आली. संसदेने 1951 मध्ये विस्थापितांच्या कर्जासाठी वेगळा कायदा केला. 15 ऑगस्ट 1947 पासून अशा कर्जावरचं व्याज थांबवलं, आणि कर्जदाराला न्यायाधिकरणापुढे तडजोड मागता येऊ लागली.

शेवटचा टप्पा 2005 चा. हिंदू वारसा कायद्यातली ती दुरुस्ती आपल्याला मुलींच्या समान हक्कासाठी आठवते. त्याच कलमात आणखी एक ओळ आहे: केवळ पितृऋण म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून नवीन कर्ज वसूल करता येणार नाही.

म्हणजे माझा पगार सुरक्षित. पण घर? ते नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 50 आजही 1866 चीच रेघ ओढतं: मयताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरता तो जबाबदार. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत निकालाची नोंद झाली की तो घराला आपोआप चिकटतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळा जप्तीचा हुकूम लागतो. त्या हुकमाची दवंडी पिटायची तरतूद कायद्यात अजून आहे. आणि एकदा जप्ती झाली की त्या वसुलीपुढे नंतरची विक्री किंवा गहाण टिकत नाही. म्हणून बँक घाबरते. दवंडी आता कुणी ऐकत नाही, सातबाऱ्यावरची ओळ बघते.

आत्या भडकली. “दादा, बाबांनी मैत्री निभावली, त्याचं बिल मी का भरू?” तिचं चुकत नव्हतं. पण घरात तिचा अर्धा हिस्सा आहे, म्हणजे बोजाही अर्धा तिच्या हिश्श्यावर. दोन रविवार भांडणात गेले. शेवटी बाबा म्हणाले, “आधी पहिल्यापासूनचा हिशेब मागू.” 1879 चा कायदा त्यांनी वाचलेला नाही हं.

खातेउतारा मागवला. मित्राने भरलेले काही हप्ते जमेला धरलेच नव्हते. ते दाखवल्यावर एकरकमी 1,60,000 वर तडजोड झाली, निम्मे आत्याने दिले. संस्थेचं बोजा उतरवण्याचं पत्र घेतलं, तलाठ्याकडे अर्ज दिला, पंधरा दिवसांची नोटीस झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. नवा उतारा आला आणि महिन्याभरात कर्ज ट्रान्सफर झालं.

जामीनदाराने फेडलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागता येते, 1872 च्या करार कायद्यात तसा हक्क आहे. बाबा मित्राच्या घरी गेले. तिथे त्यांची म्हातारी पत्नी एकटीच होती. बाबा चहा पिऊन परत आले. विषय तिथेच संपला.

तर मंडळी, एक काम करा. आज घरी गेलात की महाभूलेखवर आपला सातबारा उघडा आणि ‘इतर हक्क’ वाचा. फ्लॅट असेल तर दुय्यम निबंधकाकडचा सर्च काढा, सोसायटीत आलेली जुनी पत्रं बघा. आणि आजी-आजोबा असतील तर शेजारी बसून विचारा, कुणाला जामीन राहिला होतात का? आम्ही विचारलं नव्हतं. आमच्या आजोबांनी ती गोष्ट सहा वर्षं एकट्याने वागवली.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या.