छोट्या मोटारीवरील रंग आणि धूळ



मोटारगाडीची प्रतिकृति म्हणजे मुलांचें खेळणें, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असते. परंतु मूळ गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढी प्रतिकृति सुटे भाग जुळवून उभी करणें, तिला रंग देणें आणि त्या रंगावर रस्त्याच्या खुणा उमटविणें, हें इतिहासलेखनाच्या जातीचेंच काम आहे, असें मला वाटतें. बखरकार शब्दांनीं चुकतो, हा कुंचल्यानें चुकतो.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊं. एअरफिक्स या इंग्रज कंपनीनें १९७१ सालीं १९३० च्या साडेचार लिटर बेंटलीची प्रतिकृति बाजारांत आणली. प्रमाण एकास बारा. मूळ गाडीच्या पुढील व मागील आंसांमधलें अंतर १३० इंच. प्रतिकृतींत तें ११ इंचांच्या आंतबाहेर येतें. एवढ्या आकारांत चूक लपत नाहीं.

मूळ गाडीची कथा मोठी चमत्कारिक आहे. इंजिनांत दाबानें हवा भरण्याची कल्पना खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना मुळींच मान्य नव्हती. वेग हवा असेल तर इंजिनच मोठें करावें, असें त्यांचें मत. परंतु शर्यतवीर हेन्री बर्किन यांनीं हट्ट धरला, आम्हर्स्ट व्हिलियर्स यांनीं हवा कोंबणारें यंत्र बनविलें, आणि ल मान्सच्या नियमांसाठीं कंपनीस अशा ५० गाड्या विक्रीकरितां बांधाव्या लागल्या. जून १९३० मध्यें ल मान्स येथें काराचिओलाच्या मर्सिडीजला ओलांडतांना बर्किनच्या टायरचा वरचा थर उडाला, तरी त्यानें गाडी पुढें काढली. शर्यत मात्र या जातीच्या एकाहि गाडीला पुरी करतां आली नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किनचा दुसरा क्रमांक आला. १९३१ सालीं कंपनीच बुडाली व रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली.

आतां रंगाचें पाहूं. हिरवा रंग हा इंग्रज गाड्यांचा; १९०३ सालीं गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडांत झाली, तेव्हांपासून तो त्यांना चिकटला. पण कोणता हिरवा? जुन्या छायाचित्रांवर भिस्त ठेवावी तर त्या काळच्या पुष्कळ काचांवर तांबडा रंग काळाठिक्कर उमटे व निळा फिकट पडे. त्यावरून छटा ठरविणें धोक्याचें. त्याहून महत्त्वाची गोष्ट झिलईची. शर्यतीच्या या बेंटलींचें बॉनेट धातूचें होतें, परंतु मागील बैठकीचा सांगाडा रेक्झिननें, म्हणजे कातडीसारख्या दिसणार्‍या कापडानें, मढविलेला असे. म्हणजे एकाच गाडीवर एकच हिरवा दोन प्रकारें दिसे: बॉनेटवर चकाकता, मागें मंद. प्रतिकृतीचे दोन्ही भाग मात्र एकाच प्लॅस्टिकचे. सर्वत्र सारखी तकाकी आणून जो तो आरशासारखी गाडी मिरवितो, त्याची कारागिरी मी मानतों. ती बर्किनची गाडी नव्हे.

हें साधावयाचें कसें? प्रथम करड्या अस्तराचा हात, तो वाळल्यावर ओल्या काचकागदानें हलकी घासणी, मग हिरव्याचे पातळ पातळ हात फवार्‍यानें. एका जाड हातानें सांध्यांच्या रेषा बुजतात. नंतर बॉनेटवर चकाकीचें रोगण, कापडाच्या भागावर मंद रोगण. कापडाची वीण काढण्याच्या भरीस पडूं नये. बाराव्या हिश्शांत ती डोळ्यांस दिसणारच नाहीं.

शेवटीं मळ. येथें पुष्कळांचा तोल जातो. गाडीवर गंज चढवितात, जणूं ती वीस वर्षें गोठ्यांत उभी होती! शर्यतीचा मळ तासांचा असतो, वर्षांचा नव्हे. आणि रेडिएटरपुढें बसविलेल्या त्या हवायंत्राचें आवरण तर अ‍ॅल्युमिनियमचें, त्यास तांबडा गंज कोठून येणार? खनिज टर्पेंटाइनमध्यें तपकिरी-काळा तैलरंग अगदीं पातळ करून तो सांध्यांत व बॉनेटच्या झडपांत सोडावा आणि वरचा लगेच टिपून घ्यावा. हवायंत्राखालीं तेलाचे एकदोन ओघळ, ब्रेकच्या डब्यांभोंवतीं करडी भुकटी, धुराच्या नळीवर तापल्याची निळसर-तपकिरी झांक. चिखलफळ्यांच्या आंतल्या अंगास धूळ दाट, बाहेर विरळ. पण आधीं दिवस ठरवावा: ल मान्सला गाडीस दिवे व चिखलफळ्या होत्या, पो येथें त्या काढलेल्या होत्या, म्हणून पोची गाडी रंगवावयाची तर चाकांनीं उडविलेली माती सरळ बैठकीच्या बाजूंवर दिसली पाहिजे.

अलीकडे कंपनीनें आपल्या संग्रहांतील १९२९ ची शर्यतीची गाडी सुटी करून, भाग मोजून, तशाच १२ नव्या गाड्या बांधावयाचें २०१९ सालीं जाहीर केलें. त्या नव्या गाड्यांचीं छायाचित्रें बांधणीचे बारकावे पाहण्यास फार उपयोगी आहेत; मळासाठीं मात्र १९३० चींच चित्रें शोधावीं.

काम पुरें झाल्यावर प्रतिकृति कांचेच्या कपाटांत ठेवावी. घरांतील खरी धूळ तिजवर बसूं देऊं नये; तिच्यांतील तंतु या प्रमाणांत दोरखंडासारखे दिसतात.