गळाची काठी आणि मानवेलचं नाव

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. पाठीवर बॅग टाकून मित्रांबरोबर हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जायचं, ओढ्याकाठी मुक्काम करायचा आणि ट्राउट मासा गळाला लावायचा, असा बेत होता. विचारत होता, "मामू, हल्की काडी कौनसी लेऊं?"

मी इथे अर्धापुरात उर्दू-मराठी शिकवतो. मला हे विचारण्याचं कारण म्हणजे माझे अब्बा. जुम्याची नमाज झाली की ते बांबूची काठी खांद्यावर टाकून आसना नदीवर जात. वर्गातली पोरं मला 'गळवाल्याचा' म्हणून चिडवायची. पाहुणे येणार असले की मी ती काठी घरामागे लपवत असे. भाचाही हसत म्हणाला, "नाना की डंडी मत बोलना, मामू. कार्बन की बोलो."

ती लाज तेव्हाही चुकीची होती, हे मला इतिहास वाचताना फार उशिरा कळलं.

लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. तेच चालुक्यांचं कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मत्स्यविनोदावर एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाद्य आणि गळ टाकून मासा धरण्याची रीत, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आपल्या शेजारी नऊशे वर्षांपूर्वी गळ हा राजाचा शौक होता. पण कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो आणि काय खातो, हे राजाला कोणी सांगितलं असेल? नदीवर राबणाऱ्या माणसांनीच. ग्रंथावर नाव मात्र राजाचं आहे.

आता भाच्याच्या काठीकडे येतो. फ्लाय रॉडने मासेमारी करताना गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि धागा गुंडाळून केलेली नकली माशी लावतात. तिला वजन नसतं, त्यामुळे ती एकटी लांब फेकता येत नाही. म्हणून दोरी जड ठेवतात आणि लवचीक काठी वाकवून ती दोरी पुढे सोडतात. सगळी मदार काठीवर असते. ती हलकी हवी, लवायला हवी, पण मोडता कामा नये.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि अमेरिकन लोक या काठ्या जड लाकडांच्या करत. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिपी बांबू चिरून काठी बनवू लागला. तो मुळात बंदुकांचा कारागीर. बांबूची खरी ताकद सालीजवळच्या तंतूंत असते. आतला मऊ भाग काढून टाकायचा आणि सालीकडच्या चिंध्या, म्हणजे लांब पट्ट्या, एकमेकींना चिकटवायच्या. पुढे हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा कारखानाच काढला. काठीचं वजन उतरलं ते तिथे.

या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू गेला होता हिंदुस्थानातून. कलकत्त्याच्या बंदरातून गेला म्हणून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. बांबूची ही जात म्हणजे आपला मानवेल. जवळजवळ भरीव असल्याने लाठीला चालणारा, किनवटच्या जंगलात आजही उभा असलेला. अब्बांची काठीही मानवेलचीच होती.

पुढे चीनमधल्या ग्वांगडोंगचा बांबू सरस ठरला. त्यालाही नाव मिळालं 'टोंकिन', जो प्रदेश व्हिएतनाममध्ये आहे. जिथे वाढला त्या गावाचं नाव दोन्ही वेळा मागे राहिलं. ट्रक भरला की आमच्या केळीचंही तेच होतं.

१९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि बांबू मिळेनासा झाला. तोवर बाजारात आलेल्या फायबरग्लासच्या काठ्यांनी त्याची जागा घेतली. १९७३ पासून कार्बनची काठी आली. ट्राउटचा प्रवास याच्या उलट आहे. तो मासा १९०० च्या सुमारास इंग्रजांनी विलायतेहून काश्मीरच्या पाण्यात आणला. आपला बांबू तिकडे गेला आणि तिकडचा मासा इकडे आला.

मग भाच्याला सांगितलं, किंमत बघू नकोस, ओढा बघ. अरुंद ओढ्यावर झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात. तिथे नऊ फुटी काठी अडकते. सात ते साडेसात फूट पुरे. दोरी तीन किंवा चार नंबरची. काठी चार तुकड्यांची घे, म्हणजे घडी दोन फुटांच्या आसपास होते आणि बॅगेला बांधता येते. कार्बनची काठी शंभर ग्रॅमच्या आतबाहेर मिळते, पण खडकावर आपटली की तडकू शकते. फायबरग्लास थोडी जड असते, जास्त वाकते आणि धक्के सोसते. नवशिक्याने दगडधोंड्यांत जायचं तर मी फायबरग्लासच घेईन. आणि मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात दोरी टाकू नकोस.

फोन ठेवल्यावर माळ्यावरून अब्बांची काठी काढली. टोकाला थोडी किडली आहे, पण वाकवली तर अजून सरळ होते. तेल लावून ती बैठकीच्या खोलीत उभी करून ठेवली आहे. काल शेजारचे सर आले होते, त्यांनी विचारलं, ही कशाची काठी?

मी म्हणालो, मानवेलची. माझे अब्बा मासे धरायचे.